भेग पाडायची, पण कोणत्या खडकात?

बडोद्याच्या पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर पावागड आहे. पुण्या-नाशिकहून गेलेल्या माणसाला हा डोंगर परका वाटत नाही. सह्याद्री ज्या लाव्ह्यातून घडला त्याच लाव्ह्याचा हा उत्तरेकडचा तुकडा, समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या वर गेलेला. आता बडोद्याहून उलट्या दिशेला, पादरा-जंबुसरच्या रस्त्याने निघा. जमीन ताटासारखी सपाट. कापूस, तूर, मधूनच एखादे तळे, आणि शेताच्या मध्यभागी कुंपण घातलेल्या चौकोनात सावकाश मान हलवणारा लोखंडी पंप. इथे डोंगराचा मागमूस नाही, पण काळा कातळ इथेही आहे. फक्त तो पायांखाली आहे, आणि पश्चिमेकडे जावे तसा खोल खोल जात काही किलोमीटरवर पोचतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंडावला, त्यानंतर हा पट्टा खचत गेला, आणि खचलेल्या दरीत समुद्राने आणि नद्यांनी चिखल, वाळू, गाळ भरला. भूगर्भशास्त्रात याला खंभातचे खोरे म्हणतात. गुजरातचे जमिनीवरचे जवळजवळ सगळे तेल या खोऱ्यातले.

पादरा तालुक्यात एक गंमत आहे. खोऱ्याच्या या पूर्व काठावर कातळ फारसा खोल नाही, आणि तिथल्या तेलक्षेत्रात तेल चक्क या बेसाल्टच्या चिरांमधून मिळते. ज्या दगडातून पाणी मिळवताना आपल्याकडे विहीर खणणाऱ्याची दमछाक होते, त्याच दगडातून तेल! अर्थात तेल दगडात तयार झालेले नाही. ते शेजारच्या गाळात शिजले आणि वाट मिळेल तसे सरकत कातळाच्या भेगांत येऊन थांबले. भेगा निसर्गाने पाडलेल्या.

जिथे निसर्गाने भेगा पाडलेल्या नाहीत तिथे माणसाने त्या पाडायच्या, ही कल्पना आता दीडशे वर्षांहून जुनी आहे. गेल्या पंचवीस वर्षांत तिने अमेरिकेला तेलाच्या बाबतीत पुन्हा जगात पहिल्या क्रमांकावर नेले. २००८ साली अमेरिका दिवसाला सुमारे ५० लाख पिंपे कच्चे तेल काढत होती; २०२३ मध्ये हा आकडा १ कोटी २९ लाखांवर गेला. आपण मात्र लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो. साहजिकच दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी विचारते: हेच तंत्र गुजरातेत का नाही? विचारणाऱ्याला बहुतेक वेळा वाटते की सरकार झोपले आहे किंवा कुणीतरी आडवे आले आहे. खरे उत्तर वेगळे आहे. तंत्र इथे आले, वापरून झाले, आणि खडकाने ते जवळपास परत पाठवले.

बडोद्याला जमिनीखालचे कुतूहल तसे जुने. सयाजीराव गायकवाडांनी १८९१ मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट या निवृत्त भूगर्भशास्त्रज्ञाला संस्थानात नेमले. भारतातल्या अश्मयुगीन हत्यारांचा पहिला मोठा संशोधक म्हणून आपण फूट यांना ओळखतो. त्यांनी लिहिलेले बडोदा संस्थानाचे भूगर्भवर्णन १८९८ मध्ये छापून निघाले. त्यात तेलाचे स्वप्न शोधायला जाऊ नये, पण संस्थानाच्या पैशातून आपल्या भूमीची दगड-माती तपासणारा राजा दुर्मीळच. तेलाचा शोध सुरू झाला तो स्वातंत्र्यानंतर. केशवदेव मालवीय यांच्या हट्टामुळे ओएनजीसी उभी राहिली, १९५५-५६ मध्ये कालिनिन यांच्या नेतृत्वाखालचे सोव्हिएत तज्ज्ञ देशभर फिरले, आणि त्यांनी बोट ठेवलेल्या जागांत खंभात होते. १९५८ मध्ये खंभातजवळ लुणेज इथे तेल-वायू लागला. मे १९६० मध्ये अंकलेश्वर. तिथल्या पहिल्या विहिरीला नेहरूंनी ‘वसुधारा’ नाव दिले. मग बडोद्याच्या वेशीवर कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना आला, मकरपुरा रस्त्यावर ओएनजीसीची कचेरी आणि वसाहत आली, आणि १९७२ पासून शहरात नळाने वायू येऊ लागला. नैसर्गिक वायू घराघरांत नळाने देणारे हे देशातले पहिले शहर. मुंबई-पुण्यात सिलिंडरसाठी नंबर लावण्याच्या काळात बडोद्याच्या गृहिणी चावी फिरवून शेगडी पेटवत होत्या. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत ओएनजीसी किंवा रिफायनरीत नोकरी केलेला एखादा काका असतोच.

अंकलेश्वरचे तेल सोपे होते. ते वाळूच्या थरात होते, आणि चांगल्या वाळूत कणाकणांमधली मोकळी जागा एकमेकींना जोडलेली असते. विहीर खाली पोचली की दाबाखालचे तेल आपणहून तिच्याकडे धावते. खडकातून द्रव किती सहज वाहतो ते मोजण्याचे एकक ‘डार्सी’. फ्रान्समधल्या दिजों शहराची पाणीयोजना करणाऱ्या हेन्री डार्सी या अभियंत्याने १८५६ मध्ये वाळूतून पाणी गाळण्याचा नियम मांडला, त्याच्या नावावरून. चांगल्या वाळूच्या थराची पारगम्यता शेकडो मिलिडार्सी असते. अहमदाबाद-कलोल पट्ट्यातले काही थर एकेरी आकड्यात किंवा त्याच्याही खाली येतात. त्यांना ‘टाइट’ म्हणतात. आणि ज्या काळपट चिकणगाळाच्या खडकात हे तेल मुळात शिजले, त्या ‘कॅम्बे शेल’ची पारगम्यता मिलिडार्सीच्या हजाराव्या, लाखाव्या भागात मोजावी लागते. तेल आत आहे, पण ते आपल्या हयातीत विहिरीपर्यंत पोचणार नाही. रस्ता करून द्यावा लागतो.

रस्ता करण्याचा पहिला उपाय स्फोटाचा होता. अमेरिकेच्या यादवी युद्धात कर्नल एडवर्ड रॉबर्ट्स याने फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत पाण्याच्या कालव्यात तोफगोळे फुटताना पाहिले आणि वर पाण्याचा स्तंभ असला की स्फोटाचा जोर बाजूला जातो हे त्याच्या लक्षात आले. १८६५ मध्ये त्याने ‘टॉर्पेडो’चे पेटंट घेतले. नळीत दारू, पुढे नायट्रोग्लिसरीन भरून ती विहिरीत सोडायची, वर पाणी, आणि मग धडाका. पेनसिल्व्हेनियातल्या विहिरींचे उत्पादन अनेक पट वाढले. पेटंटची फी चुकवण्यासाठी लोक रात्री चोरून स्फोट करत. यानंतर १९३२ मध्ये मिशिगनमध्ये डाऊ कंपनीने चुनखडकात आम्ल सोडण्याचा मार्ग काढला. आम्ल सोडताना कधी कधी एका ठरावीक दाबाला खडक अचानक जास्त पिऊ लागतो, हे तेव्हा दिसले. खडक विरघळत नव्हता, उकलत होता.

द्रवाच्या दाबाने मुद्दाम खडक उकलण्याचा पहिला प्रयोग १९४७ सालचा, कॅन्ससमधल्या ह्युगोटन वायुक्षेत्रातल्या क्लेपर नंबर एक या विहिरीत. स्टॅनोलिंड कंपनीने पेट्रोलमध्ये नापाम मिसळून घट्ट केलेला द्रव आत रेटला. युद्धातून उरलेले हे साहित्य. आज वाचतानाही अंगावर काटा येतो. उत्पादन फारसे वाढले नाही. पण कल्पना पक्की होती, आणि १७ मार्च १९४९ रोजी हॅलिबर्टन कंपनीने ओक्लाहोमा आणि टेक्सासमध्ये व्यापारी तत्त्वावर पहिली दोन कामे केली. वर्षभरात तीनशेहून जास्त विहिरी झाल्या.

गुजरातेत ओएनजीसी अनेक वर्षे करत आली आहे ती ‘फ्रॅक जॉब’ची, म्हणजे भेग पाडण्याच्या कामाची, पद्धत याच वंशातली. एका उभ्या विहिरीवरच्या कामाचे गणित सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. समजा वाळूचा टाइट थर २००० मीटर खोल आहे. विहीर पाण्याने भरली की तळाशी पाण्याचाच दाब दर चौरस सेंटिमीटरला २०० किलो होतो, कारण दर दहा मीटरला एक किलो. वरच्या खडकाचे वजन मात्र त्याच जागी साडेचारशे किलोच्या घरात असते. खडक आडव्या दिशेने इतका दाबलेला नसतो. साधारण सव्वातीनशे किलोला तो उकलतो. म्हणजे पृष्ठभागावरून पंपांनी निदान सव्वाशे किलो जास्तीचा दाब द्यायचा, शिवाय नळीतल्या घर्षणाची भरपाई. ट्रकवर बसवलेले पंप एका रांगेत लावतात. आधी नुसता घट्ट द्रव जातो, त्याला ‘पॅड’ म्हणतात. तो भेग उघडतो. मग त्याच द्रवात वाळू कालवून पाठवतात, आधी विरळ, मग दाट. पंप थांबले की खडक भेग मिटवायला बघतो, पण वाळू पाचरीसारखी आत राहते. अशा वाळूला ‘प्रॉपंट’ म्हणतात. शेवटी द्रव पातळ होऊन परत यावा म्हणून त्यात आधीच ‘ब्रेकर’ टाकलेला असतो. खंभातच्या खोऱ्यात जमिनीखालची उष्णता बऱ्यापैकी जास्त आहे, त्यामुळे इथे ब्रेकरचा हिशेब नाजूक. द्रव लवकर पातळ झाला तर वाळू वाटेतच बसते, विहीर तुंबते, दाब एकदम चढतो. कामगारांच्या भाषेत ‘स्क्रीनआउट’. मग केसिंगमधली, म्हणजे विहिरीच्या पोलादी नळीतली, वाळू उपसत बसायचे.

हा घट्ट द्रव कशाचा असतो? गवारीचा. आपण ज्या शेंगांची भाजी करतो त्याच पिकाच्या बियांचा डिंक. पाण्यात किंचित टाकला की पाणी दाटते, आणि बोरेट मिसळले की त्याची थरथरणारी खळ होते. जगातली बहुतांश गवार भारतात पिकते, मुख्यतः राजस्थानात, शिवाय हरियाणात आणि उत्तर गुजरात-कच्छात. अमेरिकेतला तेलाचा धंदा पेटला तेव्हा २०१२ साली गवारीच्या बियांचा भाव क्विंटलला ३० हजारांच्या आसपास गेला. वर्षभरापूर्वी तो काही हजारांत होता. मार्चमध्ये वायदेबाजार बंद करावा लागला. तो पुन्हा उघडला मे २०१३ मध्ये. तोवर शेतकऱ्यांनी बाकीची पिके सोडून गवार पेरली होती आणि भाव उतरणीला लागला होता. फ्रॅकिंगच्या सुवर्णकाळात भारताच्या वाट्याला आलेला सर्वांत मोठा नफा-तोटा हा असा बनासकांठ्यात आणि जोधपूरच्या बाजूला झाला, तेलविहिरीत नव्हे.

आता आडव्या विहिरीकडे वळू. यामागची भूमिती १९५७ मध्ये हबर्ट आणि विलिस यांनी सोडवली. जिलेटिनचा गोळा एका बाजूने दाबून त्यांनी त्यात प्लास्टर ऑफ पॅरिसची रबडी घुसवली. भेग नेहमी सर्वांत कमी दाबाच्या दिशेला काटकोनात उघडते. जमिनीखाली खोलवर वरून येणारा दाब सर्वांत जास्त असतो, म्हणून भेग उभी उघडते, जणू जमिनीत उभा पत्रा खोचल्यासारखी. उभ्या विहिरीला असे एकच पान मिळते. पण विहीर खाली नेऊन आडवी वळवली, आणि योग्य दिशेला वळवली, तर तिच्यावर एकामागून एक अशी कितीतरी पाने आडवी लावता येतात. हे सुचायला अवघड नव्हते, करायला मात्र बरीच वर्षे गेली. विहीर वळवायची तर टोकाला चिखलाच्या प्रवाहावर फिरणारी मोटर हवी आणि टोक नेमके कुठे आहे ते वर कळवणारे यंत्र हवे. ही दोन्ही हाताशी आली तेव्हा १९८० नंतर फ्रान्सच्या एल्फ कंपनीने लाक आणि इटलीच्या रोस्पो मारे क्षेत्रात आडव्या विहिरी फायद्यात आणून दाखवल्या.

दरम्यान अमेरिकेत बरेच वेडेपण झाले. १९६७ मध्ये न्यू मेक्सिकोत ‘गॅसबग्गी’ प्रकल्पात २९ किलोटनांचा अणुबॉम्ब जमिनीखाली फोडला, खडक फुटावा म्हणून. खडक फुटला, वायू आला, पण तो किरणोत्सारी. यानंतर आणखी दोन स्फोट केले तेव्हा कुठे समाधान झाले.

टेक्सासमधल्या बार्नेट शेलमागे जॉर्ज मिचेल १९८१ पासून लागला होता. ग्रीक मेंढपाळाचा मुलगा, चिवट. सोळा-सतरा वर्षे गवारीच्या महाग खळीने शेल फोडून त्याचे पैसे सुटत नव्हते. त्याच्याकडचा तरुण अभियंता निक स्टाइन्सबर्गर याने एकदा पाहिले की एका विहिरीत खळ नीट जमली नाही, द्रव जवळपास पाण्यासारखा गेला, तरी विहीर वाईट निघाली नाही. शेजारी दुसरी एक कंपनी वाळूच्या खडकात पाण्यानेच काम भागवत होती. मग त्याने खळ टाकूनच दिली. पाण्यात घर्षण कमी करणारे थोडे रसायन, थोडी वाळू, आणि पंपांचा वेग प्रचंड. १९९८ मध्ये एस. एच. ग्रिफिन नंबर चार या विहिरीने त्याला खरे ठरवले. या ‘स्लिकवॉटर’मुळे खर्च कोसळला. मोठी, रुंद भेग पाडण्यापेक्षा शेलसारख्या ठिसूळ खडकात बारीक चिरांचे जाळे पसरवणे महत्त्वाचे, हे त्यातून उमगले. २००२ मध्ये डेव्हन कंपनीने मिचेलची कंपनी विकत घेतली आणि या पाण्याला आडव्या विहिरीची जोड दिली. पुढचा इतिहास फक्त वाढीचा आहे.

आडव्या भागात टप्पे पाडायचे. सर्वांत दूरच्या टोकाला भोके पाडून फ्रॅक करायचा, त्याच्या अलीकडे बूच मारायचे, पुन्हा भोके, पुन्हा फ्रॅक, असे मागे मागे येत राहायचे. शेवटी सगळी बुचे दळून काढायची किंवा विरघळणारी वापरायची. काही ठिकाणी बुचांऐवजी नळीत झडपा बसवून त्या चेंडू टाकून एकेक उघडत नेतात. २००५ च्या सुमारास अशी पाच-दहा टप्प्यांची विहीर मोठी मानत, आता चाळीस-पन्नास टप्पे नेहमीचे झाले, आडवा भाग तीन किलोमीटर आणि त्याहून लांब. शेजारच्या दोन विहिरींवर आळीपाळीने टप्पे घेणारी ‘झिपर’ पद्धत आली. केसिंगबाहेर काचतंतू टाकून कोणत्या भोकातून किती द्रव गेला ते ऐकू लागले, आणि त्यातून समजले की निम्मी भोके फुकटच असतात. मग भोके कमी आणि बारीक करून दाब सगळीकडे सारखा वाटू लागले. १९४७ च्या पहिल्या कामात काही हजार लिटर द्रव लागला होता. आज टेक्सासच्या एका विहिरीला चार-पाच कोटी लिटर पाणी आणि हजारो टन वाळू लागते.

या सगळ्या सुधारणांचे मूळ एकच आहे, आणि ते यंत्रात नाही. ते संख्येत आहे. बार्नेटमध्ये, मग बॅकन, मार्सेलस, पर्मियनमध्ये हजारो विहिरी शेजारी शेजारी झाल्या, प्रत्येक विहीर आधीच्या विहिरीच्या चुकीवर उभी राहिली. ही हातांनी, वारंवार करून शिकायची कारागिरी आहे. आता खंभातला परत येऊ.

२०१० मध्ये ओबामा दिल्लीत आले तेव्हा शेल वायूवर भारत-अमेरिका करार झाला, आणि आकड्यांचा पाऊस पडला. एका सेवा कंपनीने भारतातला साठा ३०० ते २१०० लाख कोटी घनफूट असल्याचे म्हटले. किमान आणि कमाल यांत सातपट फरक असलेला अंदाज म्हणजे अंदाज नव्हेच, असे माझे मत. ओएनजीसीने पाच खोऱ्यांसाठी १८७.५ चा आकडा दिला. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती संस्थेने २०१३ मध्ये तांत्रिकदृष्ट्या काढता येण्याजोगा वायू ९६ लाख कोटी घनफूट सांगितला. तिथल्याच सरकारी भूगर्भ सर्वेक्षणाने त्याआधी तीन खोऱ्यांसाठी सांगितलेला आकडा होता ६.१. वर्तमानपत्रांनी कोणता आकडा मथळ्यात घेतला ते सांगायला नको.

ओएनजीसीने २०१२ मध्ये कोनोकोफिलिप्सशी सहकार्य करार केला. ऑक्टोबर २०१३ मध्ये सरकारने धोरण जाहीर करून सरकारी कंपन्यांना त्यांच्या जुन्या क्षेत्रांत शेल शोधायला परवानगी दिली. पहिल्या फेरीत ओएनजीसीच्या वाट्याला ५० क्षेत्रे आली, त्यांतली २८ खंभातच्या खोऱ्यात. त्याच वर्षअखेरीस जंबुसरला पहिली विहीर सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत गाभ्याचे नमुने काढले, तपासले, काही ठिकाणी फ्रॅक करून पाहिले. फायद्यात चालेल असे काही हाती लागले नाही, आणि मोहीम विरत गेली.

आडव्या विहिरीत अनेक टप्प्यांचा फ्रॅक करण्याचा मोठा प्रयोग मात्र दुसऱ्याने केला होता, आणि तो लुणेजच्या परिसरातल्या त्या जुन्या खंभात क्षेत्रात. ऑस्ट्रेलियाची ऑइलेक्स कंपनी आणि गुजरात सरकारची जीएसपीसी यांनी मिळून तिथल्या इओसीन काळातल्या गाळखडकाच्या टाइट थरावर हात घातला. हा शेल नव्हे. शेलला खेटून असलेला, वायू आणि हलके तेल धरून बसलेला बारीक गाळ. २०११ मध्ये कॅम्बे-७६एच ही आडवी विहीर खणून फ्रॅक केली, पण आतल्या यांत्रिक अडचणींमुळे तिची नीट चाचणीच होऊ शकली नाही. पुन्हा प्रयत्न झाला तो २०१४ मध्ये, कॅम्बे-७७एच. आडवा भाग सहाशे मीटरच्या आसपास, फ्रॅकचे टप्पे चार. वायू आणि तेल वर आले. पण कंपनी श्रीमंत होण्याइतके नव्हे. पुढे भागीदारांत मतभेद, पैशाची चणचण, भागीदारीची विक्री. २०२० मध्ये ऑइलेक्सने जीएसपीसीचा वाटा घेतला, २०२२ मध्ये नाव बदलून सिनर्जिया झाली, आणि त्याच वर्षी तीच ७७एच पुन्हा एकदा फ्रॅक केली. नवीन विहीर नव्हे, तीच. दोन आडव्या विहिरी आणि एक दुरुस्ती, अकरा वर्षांत. टेक्सासमधली एक साधारण कंपनी एवढे काम महिन्याभरात करते.

यात या कंपनीचा दोष काढण्यात अर्थ नाही. तीन अडचणी आहेत आणि तिन्ही तिच्याहून मोठ्या आहेत.

पहिली खडकाची. बार्नेट शेल तीस कोटी वर्षांहून जुना, त्यात सिलिका भरपूर, म्हणून तो काचेसारखा तडकतो. कॅम्बे शेल पाच-साडेपाच कोटी वर्षांचा, त्यात चिकणमातीचे खनिज बरेच. असा खडक तडकण्याऐवजी दबतो. भेग पाडली तरी वाळूचे कण बाजूच्या मऊ भिंतीत रुततात आणि भेग मिटते. स्लिकवॉटरचे पाणी लागले की काही चिकणमाती फुगते, हे वेगळेच. शिवाय खोरे खचताना असंख्य प्रस्तरभंग झाले, त्यामुळे एका पातळीत दोन-तीन किलोमीटर सलग थर मिळणे कठीण. अमेरिकन पाककृतीचे सगळे साहित्य आणले तरी ती इथे शिजत नाही.

दुसरी अडचण मालकीची, आणि माझ्या मते तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. टेक्सासमध्ये शेताखालच्या तेलाची मालकी खाजगी असते. बहुधा शेतकऱ्याच्याच घरात, किंवा त्याच्या आजोबांनी विकली असेल तर दुसऱ्या कुणाकडे. विहिरीतून निघणाऱ्या तेलाचा आठवा भाग, कधी चौथा भाग मालकाला. म्हणून तिथला शेतकरी रिगची वाट बघतो. जंबुसरच्या शेतकऱ्याच्या जमिनीखालचे तेल राज्याचे. रॉयल्टी राज्याच्या तिजोरीत, शेतकऱ्याला जमिनीचे भाडे आणि पिकाची भरपाई. त्याने रिगचे स्वागत का करावे? कावेरीच्या मुखाशी २०१७ मध्ये नेदुवासलच्या गावकऱ्यांनी तेलउद्योगाविरुद्ध महिनोन्‌महिने ठिय्या दिला आणि २०२० मध्ये तमिळनाडूने कावेरीचा त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषी क्षेत्र जाहीर केला. गुजरातेत तसे काही झाले नाही, पण हजारो विहिरींचा प्रस्ताव कधी आलाही नाही. मार्च २०२५ मध्ये संसदेने १९४८ चा तेलक्षेत्र कायदा दुरुस्त करून शेल आणि टाइट तेलाला त्याच्या व्याख्येत आणले. कंपन्यांची एक अडचण दूर झाली. शेतकऱ्याचा वाटा त्यातही नाही.

तिसरी अडचण पाण्याची, आणि इथे मला फ्रॅकिंगच्या विरोधकांशीही थोडे भांडायचे आहे. एका विहिरीला पाच कोटी लिटर पाणी म्हणजे माणशी १३५ लिटर धरले तर पावणेचार लाख लोकांची एका दिवसाची गरज. मोठा आकडा, पण महीच्या आणि नर्मदेच्या काठावरच्या जिल्ह्यात एका विहिरीमुळे दुष्काळ पडणार नाही. उसाच्या शेताचा हिशेब लावला तर हे पाणी फार वाटणारही नाही. खरा प्रश्न आत जाणाऱ्या पाण्याचा नसून बाहेर येणाऱ्या पाण्याचा आहे. फ्रॅकनंतर परत येणारे पाणी आणि मग वर्षानुवर्षे तेलाबरोबर येणारे पाणी खारट असते, त्यात जड धातू असू शकतात. ओक्लाहोमात असे पाणी खोल विहिरींत रिचवले गेले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये पॉनी इथे ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. भरूचकडे १९७० मध्ये आधीच एक नैसर्गिक भूकंप होऊन गेलेला आहे. बडोद्याच्या कारखान्यांचे सांडपाणी १९८० च्या दशकापासून एका लांब पाटाने जंबुसर तालुक्यातल्या सारोदजवळ खाडीत सोडले जाते, आणि त्या पाटाच्या काठच्या गावांना दूषित पाण्याबद्दल आणखी एखादे व्याख्यान ऐकायची गरज नाही.

म्हणून शेलच्या स्वप्नाला इथे गाडलेलेच बरे. पण भेग पाडण्याच्या तंत्राला नव्हे. कलोलच्या बाजूचे जुने टाइट थर, गंधारसारखी उतरणीला लागलेली क्षेत्रे, इथे एक-दोन भेगांचे छोटे काम अजूनही विहीर तारून नेते. राजस्थानात बाडमेर हिल या टाइट थरावर खाजगी कंपनीने आडव्या विहिरी खणून टप्प्याटप्प्याने फ्रॅक केले आहेत. खडक वेगळा, म्हणून उत्तरही वेगळे. ओएनजीसीकडे पनवेल आणि अहमदाबादच्या संस्थांत माणसे आहेत, मकरपुऱ्यात अनुभव आहे. कमी पडते ते सातत्य: एकाच थरावर, एकाच पथकाने, सलग वीस-पंचवीस विहिरी करून प्रत्येकीच्या निकालावर पुढची आखण्याचे.

आणि पारदर्शकता. अमेरिकेत २०११ पासून ‘फ्रॅकफोकस’ नावाची नोंदवही आहे. कोणत्या विहिरीत कोणत्या तारखेला किती पाणी आणि कोणती रसायने घातली ते कुणीही घरबसल्या पाहू शकतो. परिपूर्ण नाही, व्यापारी गुपिताच्या नावाखाली बरेच झाकले जाते, पण नोंदवही आहे. आपल्याकडे हायड्रोकार्बन महासंचालनालयाने आणि ओएनजीसीने गुजरातेतल्या प्रत्येक फ्रॅकची तारीख, खोली, पाणी कुठून आणले, रसायने कोणती, किती पाणी परत आले आणि ते कुठे गेले, एवढे तरी गुजरातीत छापून संबंधित ग्रामपंचायतीत लावावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.